डिप्लोमाचा हात आणि डिग्रीचं गणित

पत्र:

सर, मी खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग तीन वर्षं मेकॅनिकल डिप्लोमा. डिप्लोमाला चांगले मार्क होते, म्हणून डीसीईटी, म्हणजे डिप्लोमानंतरची प्रवेश परीक्षा, देऊन बेळगावातल्या एका कॉलेजात बी.ई. मेकॅनिकलला थेट दुसऱ्या वर्षात आलो. तिसऱ्या सेमिस्टरला मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्स आणि थर्मोडायनॅमिक्स, दोन्ही पेपर गेले. वर्गात इंटिग्रेशन सुरू झालं की पुढचं काही कळत नाही. पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, करून आलेली पोरं भराभर लिहितात, मी नुसतं उतरवून घेतो. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचे मालक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर म्हणून ये म्हणतात. बाबा म्हणतात, कर्ज वाढवण्यापेक्षा नोकरी धर. सगळे सांगतात, मेकॅनिकलमध्ये आता काही राहिलं नाही. सोडू का? आणखी एक. धाकटी बहीण सेकंड पीयूसीला आहे, तिलाही मेकॅनिकलच करायचंय. घरात कुणी ऐकत नाही. तिला काय सांगू?

उत्तर:

सोडू नकोस. चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागेपर्यंत तरी सोडायचा विचार बाजूला ठेव. त्यानंतर काय करायचं तेही खाली लिहितो, कारण मी तुला आंधळा धीर देणार नाही.

तुझ्या पत्रात कामाचं वाक्य एकच आहे: इंटिग्रेशन सुरू झालं की पुढचं कळत नाही. माध्यम, ब्रँच, बाबांचं म्हणणं, हे सगळं त्या एका अडचणीभोवती गोळा झालंय. पीयूसीच्या मुलांनी दोन वर्षं कॅल्क्युलस घोटलेलं असतं आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात पुन्हा गणित केलेलं असतं. त्याच काळात तू लेथवर टर्निंग करत होतास, जॉब फाइल करत होतास, शीटवर प्रोजेक्शन काढत होतास. डिप्लोमाचं गणित बहुतेक सूत्रं वापरण्यापुरतं असतं. थेट दुसऱ्या वर्षात येताना मधली ती पायरीच तुझ्या पायाखाली आली नाही. मी शिकवत होतो तेव्हा दर वर्षी हे बघायचो. डिप्लोमाची मुलं तिसऱ्या सेमिस्टरला मागच्या बाकावर गप्प बसायची. त्यातली ज्यांनी ही पायरी भरून काढली, ती शेवटच्या वर्षी प्रोजेक्टमध्ये सगळ्यांच्या पुढे असायची, कारण हातात काम होतं.

आता ही पायरी भरायची कशी, ते तुझ्याच ओळखीच्या वस्तूवर दाखवतो.

५० बाय २५ मिलीमीटरची माइल्ड स्टीलची एक पट्टी घे. दोन मीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ती ठेवली आणि बरोबर मध्ये १००० न्यूटनचा भार दिला, म्हणजे साधारण एक क्विंटल वजन टांगलं. पट्टी आडवी ठेवायची की उभ्या कडेवर? तू वर्कशॉपमध्ये वाढलेला मुलगा आहेस, तू लगेच म्हणशील कडेवर. बरोबर. पण किती फरक पडतो?

मधला बेंडिंग मोमेंट, म्हणजे पट्टीला वाकवणारा जोर, दोन्ही वेळा सारखाच: भार गुणिले लांबी भागिले चार, म्हणजे ५०० न्यूटन-मीटर. पट्टी आडवी असताना तिच्यातला जास्तीत जास्त ताण येतो ९६ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर. तीच पट्टी कडेवर उभी केली की ४८. बरोबर निम्मा. माइल्ड स्टील साधारण २५० च्या आसपास यील्ड होतं, म्हणजे कायमचं वाकायला लागतं, म्हणजे दोन्ही प्रकारे पट्टी टिकेल. पण मध्ये ती किती झुकेल बघ. आडवी असताना सुमारे १२.८ मिलीमीटर, कडेवर असताना ३.२. चौपट फरक! लोखंड तेच, वजन तेच.

हा चौपट फरक येतो मोमेंट ऑफ इनर्शियातून, म्हणजे छेद वाकायला किती विरोध करतो त्या मापातून. रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले बारा, हे सूत्र तुला डिप्लोमापासून पाठ आहे. पण त्यातला बारा कुठून आला हे तुला कुणी दाखवलं नसणार. पट्टीचा छेद कागदावर काढ. मधून न्यूट्रल ॲक्सिस काढ. आता त्या छेदाच्या आडव्या, अगदी पातळ चकत्या पाड. प्रत्येक चकतीचं क्षेत्रफळ घे आणि मधल्या अक्षापासूनच्या तिच्या अंतराच्या वर्गाने गुण. सगळ्या चकत्यांची बेरीज कर. ही बेरीज म्हणजेच इंटिग्रेशन. अंतराच्या वर्गाचं इंटिग्रेशन केलं की घन भागिले तीन येतो, वरच्या अर्ध्या उंचीपासून खालच्या अर्ध्या उंचीपर्यंत किमती घातल्या की उंचीचा घन भागिले बारा होतो, आणि रुंदीने गुणलं की तुझं पाठ असलेलं सूत्र समोर उभं राहतं. लांबच्या चकतीला वर्गामुळे जास्त मोल मिळतं, म्हणून पट्टी उभी केली की ती ताठ होते. तुझ्या हाताला जे आधीच माहीत होतं, तेच इंटिग्रेशनने कागदावर सिद्ध केलं.

हे आज रात्री स्वतःच्या हाताने कर. उतरवून घेऊ नकोस, वही मिटून कर. दोनदा अडकशील, तिसऱ्या वेळी सुटेल. मग त्रिकोणी छेदासाठी कर, मग गोल छेदासाठी.

तुला लागणारं गणित फार नाही, हेही ऐकून ठेव. घातांकांचं, साइन-कोसाइनचं डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन. एक भागिले एक्सचं इंटिग्रेशन म्हणजे लॉगॅरिदम, कारण थर्मोमध्ये आयसोथर्मल काम काढताना तोच येतो. आणि साधी डिफरन्शियल इक्वेशन, कारण बीमची झुक दोनदा इंटिग्रेट करून काढतात. एवढं पक्कं झालं की तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरमधले बहुतेक दरवाजे उघडतात. आणि याचं पुस्तक तुझ्या घरातच आहे. तुझी बहीण सेकंड पीयूसीला आहे, म्हणजे तिच्याकडे एनसीईआरटीचं बारावीचं गणित आहे. त्यातलं पाचवं प्रकरण डिफरन्सिएशनचं, सातवं इंटिग्रल्सचं, नववं डिफरन्शियल इक्वेशनचं. शनिवारी गावी गेलास की तिच्याबरोबर बस. धाकट्या बहिणीकडून शिकायला लाजू नकोस. ती तुला गणित सांगेल, तू तिला ते कुठे लागतं ते सांग. दोघांचाही फायदा आहे, आणि तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिला तिथेच मिळेल.

एका बाबतीत तू वर्गातल्या बऱ्याच जणांच्या पुढे आहेस: ड्रॉइंग. तीन वर्षं डिप्लोमा केलेल्या मुलाला समोरून, वरून, बाजूने वस्तू दिसते. मेकॅनिक्समधले निम्मे मार्क फ्री बॉडी डायग्रॅम, म्हणजे वस्तूवरचे सगळे जोर बाणांनी दाखवणारी आकृती, नीट न काढल्यामुळे जातात. पीयूसीची मुलं थेट आकड्यांवर उडी मारतात. तू तसं करू नकोस. कुठलाही प्रश्न आला की आधी आकृती, मग बाण, मग बाणांना नावं, आणि मग समीकरण. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. मुंबईत जे. जे.मध्ये ते चित्रकला शिकायला गेले होते, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, त्यानंतर चारा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कागदावर यंत्र बघता येणं ही त्यांची पहिली पुंजी होती. ती तुझ्याकडेही आहे, तिचा वापर कर.

थर्मोडायनॅमिक्सचं थोडं वेगळं आहे. तिथे गणितापेक्षा हद्द ठरवताना घोळ होतो. कशाचा हिशेब करतोय, सिलिंडरमध्ये कोंडलेल्या वायूचा की टर्बाइनमधून वाहून जाणाऱ्या वाफेचा, हे न ठरवताच मुलं सूत्र टाकतात. आधी तुटक रेषेने हद्द काढायची. त्या रेषेतून आत काय येतं, बाहेर काय जातं, ते बाणांनी दाखवायचं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत, ओळखीने परवानगी मिळाली तर गळीत हंगामात एकदा टर्बाइन हाउस बघून ये. उसाच्या बगॅसवर, म्हणजे चिपाडावर, बॉयलर चालतो, वाफ टर्बाइनमध्ये जाते, बाहेर पडलेली वाफ रस आटवायला वापरतात. समज, ४० बार दाबाची आणि ४०० अंशांची वाफ आत जाते. स्टीम टेबल उघडलंस तर तिची एन्थाल्पी, म्हणजे वाहत्या वाफेबरोबर येणारी ऊर्जा, सुमारे ३२१४ किलोज्यूल प्रति किलो आहे. २ बारला कोरडी संपृक्त वाफ बाहेर पडते, तिची सुमारे २७०६. फरक ५०८. बाहेर जाणारी उष्णता आणि वेगातला फरक सोडून दिला तर सेकंदाला एक किलो वाफेमागे ५०८ किलोवॅट काम मिळालं. स्टेडी फ्लो एनर्जी इक्वेशनचं एवढं लांबलचक रूप पुस्तकात असतं, पण टर्बाइनसाठी त्यातलं उरतं हे एक वजाबाकीचं गणित. बाकीची पदं का सोडली, हे प्रत्येक वेळी एका ओळीत लिहायचं. परीक्षकाला तेवढंच बघायचं असतं.

मराठी माध्यमाचं मनाला लावून घेऊ नकोस. समजून मराठीत घे. मित्राला समजावताना मराठीत सांग, स्वतःशी मराठीतच वाद घाल. पण लिहिताना प्रत्येक पायरीला एक साधं इंग्रजी वाक्य लिहायची सवय लाव. आपल्या विद्यापीठाच्या, व्हीटीयूच्या पेपरात पाच मॉड्यूल असतात, प्रत्येकात दोनांपैकी एक प्रश्न पूर्ण सोडवायचा असतो. मागच्या पाच-सहा पेपरांतली उत्तरं घड्याळ लावून अशा वाक्यांसकट लिहिलीस की भाषेची भीती आपोआप मागे पडते. आणि कन्नड टाळू नकोस. उद्या शॉपफ्लोअरवर तुझ्या हाताखाली बैलहोंगलचा, सौंदत्तीचा माणूस असेल, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलता आलं तर तो तुला मशीनचा खरा दोष सांगेल. त्याने आपली मराठी कमी होत नाही.

गेलेल्या पेपरांचं एक काम लगेच कर. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची मुदत अजून असेल तर मागव. कुठे मार्क गेले ते डोळ्यांनी बघ. आकृतीत, की समीकरणात, की शेवटच्या आकडेमोडीत? हे बघितल्याशिवाय पुन्हा पेपरला बसणं म्हणजे तीच चूक पुन्हा करायची तयारी.

आता मेकॅनिकलमध्ये काही राहिलं नाही, या म्हणण्याबद्दल.

सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्या मित्रापेक्षा बहुधा कमी असेल. हे खरं आहे आणि ते बाबांपासून लपवू नकोस. पण बेळगावात बसून काही राहिलं नाही म्हणायचं असेल तर आधी उद्यमबागेत आणि मच्छेत एक चक्कर मारावी लागेल. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सची कामं तिथे पिढ्यान्पिढ्या चालली आहेत. हत्तरगीला २००९ पासून विमानांच्या सुट्या भागांचं काम सुरू आहे. हायवेने वर गेलं की कोल्हापूर, तिथलं शिरोली आणि गोकुळ शिरगाव. सीमेवर राहिल्याने आपल्याला त्रास पुष्कळ झाला, पण कामाच्या बाबतीत दोन्ही राज्यांचे कारखाने आपल्या बसच्या टप्प्यात आहेत.

या कारखान्यांत माणसं मिळत नाहीत अशी तक्रार मालक करतात, आणि नोकरी मिळत नाही अशी तक्रार डिग्रीवाली पोरं करतात. दोन्ही खऱ्या आहेत. डिग्री आहे पण विषय कळलेला नाही, अशा मुलाला मालक चांगल्या ऑपरेटरपेक्षा कमी पगार देतो, आणि मला तो अन्याय वाटत नाही. उदाहरण फाउंड्रीचंच घे. कास्टिंगमध्ये धातू आकसून श्रिंकेजचं भोक पडतंय, माल रिजेक्ट होतोय. अंदाजाने रायझर, म्हणजे साच्याला जादा धातू पुरवणारा कप्पा, मोठा करत राहणं कुणालाही जमतं. धातू गोठायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ, या भागाकाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ख्वोरिनोव्हने १९४० मध्ये मांडलेला हा नियम. भागाकार दुप्पट झाला तर वेळ चौपट. रायझर कास्टिंगच्या नंतर गोठला पाहिजे, तरच तो आतल्या भागाला धातू पुरवेल. ज्याला हे कळतं तो कॅल्क्युलेटर काढून रायझरचा आकार सांगतो, आणि कधी कधी तो लहान करूनही दाखवतो. वितळवलेलं लोखंड वाचतं, वीज वाचते. अशा माणसाला मालक धरून ठेवतो. तुला डिग्री घ्यायची आहे ती असा माणूस होण्यासाठी. नुसत्या कागदासाठी घेणार असशील तर बाबांचं म्हणणं बरोबर आहे.

म्हणून मी मुदत घातली. चौथ्या सेमिस्टरपर्यंत रोज तासभर गणित, दोन्ही राहिलेले पेपर पुन्हा, आणि या सेमिस्टरचे विषय. निकालात ते दोन पेपर सुटले, तर पुढची दोन वर्षं जाऊ दे, कर्ज फिटेल. इतकं करूनही त्यातला एकही सुटला नाही, तर व्हीएमसीवर उभा राहा आणि मान ताठ ठेवून उभा राहा. चांगला सेटर-ऑपरेटर हे कमी दर्जाचं काम नाही. प्रोग्रॅमिंग आणि फिक्स्चर शिकत गेलास तर त्यातही पुढे जाता येतं. पण तो निर्णय निकाल बघून घे, आजच्या निराशेत नको.

मालकांना नाही म्हणू नकोस. त्यांना जाऊन भेट आणि सांग: सर, आत्ता पूर्णवेळ जमणार नाही, पण सेमिस्टरच्या सुट्टीत कामावर घ्या, आणि पुढे इंटर्नशिप करायची वेळ येईल तेव्हा तुमच्याकडेच येतो. समंजस माणूस असेल तर आनंदाने हो म्हणेल. चालू सेमिस्टरमध्ये मात्र रात्रपाळी घेऊ नकोस. दोन पैसे मिळतील, पण सकाळच्या थर्मोच्या तासाला डोळे मिटतील, आणि मग ना नोकरी ना डिग्री.

बाबांशी बोलताना तक्रार घेऊन जाऊ नकोस, हिशेब घेऊन जा. वर्षाची फी, खोलीभाडं, जेवण, बसचा पास, हे एका कागदावर लिही. राज्याच्या एसएसपी पोर्टलवर तुझ्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती भरली आहेस का? नसशील तर कॉलेज ऑफिसात आजच चौकशी कर. डिप्लोमाहून आलेली पुष्कळ मुलं कागद अपुरे म्हणून ती सोडून देतात. भात आणि काजूवर घर चालवणाऱ्या माणसाला मुलाचं शिक्षण नको असतं असं नाही, त्याला शेवट दिसत नसतो. किती महिने आणि किती रुपये, हे कागदावर दिसलं की त्याचं बोलणं बदलतं. मी बघितलंय.

राहिली बहीण. तिला मेकॅनिकल हवं असेल तर घेऊ दे. आजचं मेकॅनिकल म्हणजे घणाचे घाव, ही समजूत तुमच्या पाहुण्यांची असेल, तुझी असायला नको. डिझाइन, सीएमएम या मोजणी यंत्रावर मोजमाप, क्वालिटी, सीएनसी प्रोग्रॅमिंग, मटेरियल टेस्टिंग, कुठल्या कामाला मिशा लागतात? शॉपफ्लोअरवर सुरुवातीला त्रास होईल, लोक दोनदा बघतील, हे तिला आधीच सांग. पाळीच्या वेळा आणि गावाकडची शेवटची बस, हा प्रश्न खरा आहे, त्यावर तिच्याबरोबर बसून विचार कर. बेळगावात राहायची सोय आधी बघून ठेव. पण ती मुलगी आहे एवढ्यावरून घरच्यांनी तिची वाट अडवू नये, आणि हे घरात बोलायचं काम तुझं आहे. तिने एकटीने बोलण्यापेक्षा थोरला भाऊ बोलला तर आपल्याकडे ऐकतात. हे चांगलं नाही, पण आत्ता त्याचा उपयोग करून घे.

तिने कर्नाटकची प्रवेश परीक्षा केसीईटी तर द्यावीच, पण महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीचा फॉर्मही भरावा. महाराष्ट्राच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी ‘टाइप ई’ अशी वेगळी पात्रता आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं ही माहिती नसल्यामुळे किंवा दाखला वेळेत न मिळाल्यामुळे कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या चांगल्या जागांना मुकतात. तुमचं गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या सीमाभागातल्या त्या ८६५ गावांच्या यादीत आहे का ते बघ. असेल तर रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला आत्ताच काढायला घ्या, निकालानंतर तहसील कचेरीत रांग लागते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी लिहिली आहे का तेही तपासून घ्या, नसेल तर दुरुस्तीचा अर्ज शाळेत लगेच द्या.